न भिजणारी भिंत

लाडक्या मुंबईहून परत आला तो साबण करायला शिकून. त्याच्या जामसर गावात तोवर कुणी साबण वापरला नव्हता. जव्हारच्या बाजारात एका दुकानात काचेच्या बरण्यांशेजारी त्याच्या वड्या रचलेल्या दिसायच्या, आणि त्या राजवाड्यात जातात एवढंच लोकांना माहीत होतं.

ही गोष्ट संस्थानच्या काळातली, पहिल्या जर्मन लढाईच्या थोडी आधीची. लाकडाच्या एका ठेकेदाराबरोबर लाडक्या साग घेऊन खाली किनाऱ्यावर गेला होता, तिथून गलबतानं मुंबईला. तिकडे ठेकेदारानं त्याला वाऱ्यावर सोडलं. मग तो एका साबणाच्या कारखान्यात कढई ढवळायला लागला. तेल आणि खार एकत्र कढवले की काय होतं, कधी दाटतं, कधी नासतं, हे तो रोज बघायचा. घरची आठवण अनावर झाली तेव्हा त्यानं हातातलं वल्हं कढईला टेकवून ठेवलं आणि तो निघाला. कसाऱ्यापर्यंत आगगाडी आणि पुढं पायपीट करत घरी पोचला.

त्याची बायको चैती अंगणात भात कांडत होती. एवढ्या दिवसांत नागलीची लावणी, गुरं, घराचं शाकारणं सगळं तिनं आणि थोरला मुलगा सोम्या ह्यानं ओढलं होतं. तिनं मुसळ खाली ठेवलं नाही.

"आलास," ती म्हणाली.

"आलो. साबण करायला शिकून आलोय."

"बरं. आधी पाय धू."

लाडक्यानं आठवड्याच्या आत काम सुरू केलं. तेल घरचंच होतं, मोहाच्या बियांचं. चैतीनं ते वर्षभराच्या कालवणाला आणि दिव्याला म्हणून साठवलेलं. खाराला त्यानं चुलीतली राख भिजवली, पाणी गाळलं, आटवलं, पुन्हा गाळलं. मग मोठ्या मडक्यात दोन्ही घालून तो ढवळत बसला. संध्याकाळपर्यंत मडक्यात तपकिरी रंगाचं, लांब तार सुटणारं काहीतरी तयार झालं. त्याचा वास ओल्या कुत्र्यासारखा होता.

"आता हे बांबूच्या नळ्यांत ओततो," लाडक्या म्हणाला. "घट्ट झालं की वड्या कापायच्या."

पण ते घट्ट होईना. मुंबईच्या कारखान्यात खार पिंपांतून यायचा. तो वेगळा असतो, त्याच्या वड्या पडतात. राखेच्या खाराचा साबण जन्मभर लिबलिबीतच राहतो, हे लाडक्याला ठाऊक नव्हतं. चैती रोज सकाळी विचारायची, "बसला का तुझा साबण?" आणि तो म्हणायचा, "उद्या बसेल." होळी जवळ आली तरी साबण बसला नाही.

शेवटी त्यानं तो पळसाच्या द्रोणांत भरून जव्हारच्या बाजारात नेला. एका म्हाताऱ्यानं द्रोण हुंगून विचारलं, "गुरांच्या खुरांना लावायचा का हा?" दुसऱ्यानं चाखून पाहिला आणि विहिरीकडे धावला. लाडक्यानं संध्याकाळी भरलेली टोपली तशीच डोक्यावरून परत आणली.

चैतीनं टोपलीकडे पाहिलं. मग रिकाम्या तेलाच्या मडक्याकडे पाहिलं.

"आता कालवणात काय घालू? हेच?"

लाडक्यानं टोपली खाली ठेवली. तो आत जाऊन पडला.

चैतीला खरं दुःख तेलाचं नव्हतं. त्या वर्षी तिची बियाण्याची नागली गेली होती. जामसरात पाऊस पडतो तो मावळतीकडून, आडवा, भिंतीवर मूठभर खडे मारावेत तसा. घरांच्या भिंती कारवीच्या काटक्यांच्या, वर माती आणि शेणाचा लेप. मावळतीच्या अंगाला गवताचे झाप बांधले तरी झड आत घुसायची, माती भिजून गळायची, आणि भाद्रपदापर्यंत भिंतीच्या बरगड्या दिसायला लागायच्या. त्याच भिंतीच्या आतल्या बाजूला बियाण्याची कणगी असे. गेल्या पावसाळ्यात ओल कणगीपर्यंत पोचली आणि तळाची नागली बुरशीनं काळी पडली. शेजारणीकडून बी उसनं आणावं लागलं, ते तिच्या मनाला फार लागलं होतं.

तळाशी उरलेलं ते काळं बी तिनं शेवटी कोंबड्यांपुढे टाकलं तेव्हा लाडक्या ओसरीवर बसून बघत होता. त्याला मुंबईतला एक शेजारी आठवला. गोदीजवळ तो माणूस गाड्यांवर घालायच्या ताडपत्र्या तयार करायचा. जाड कापड साबणाच्या पाण्यात कढवायचा, वाळवायचा, आणि मग त्यावरून पाणी ओघळून जायचं.

"चैते," लाडक्या म्हणाला, "कापडाला चालतं तर मातीला का नाय चालणार?"

"काय चालतं?"

त्यानं सांगितलं. चैतीनं ऐकून घेतलं आणि ती म्हणाली, "लाव बाबा. नाहीतरी कुठं सांडायचा तो हा प्रश्नच आहे."

लाडक्यानं साबण गरम पाण्यात पातळ केला आणि फडक्यानं सगळी मावळतीची भिंत बाहेरून पुसून काढली. भिंत वाळली, जरा चकाकायला लागली. तो येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून दाखवू लागला.

चैत्रातच एका दुपारी अवकाळी सर आली. लाडक्या मुद्दाम बाहेर उभा राहिला. पाणी भिंतीवर आपटलं आणि भिंतीला फेस आला. आधी थोडा, मग खालपासून वरपर्यंत. फेसाचे लोळ भिंतीवरून उतरले, अंगणात पसरले, कोंबड्या त्यात अडकून ओरडायला लागल्या. शेजारचा सावळा डोक्यावर घोंगडी घेऊन बघायला आला, मागून त्याच्या घरचे आले, मग पाड्यातली निम्मी माणसं आली.

"लाडक्याचं घर आंघोळ करतंय," सावळा म्हणाला.

चैती उंबऱ्यावर बसली आणि पदर तोंडाशी धरून हसत राहिली. तिला इतकं हसताना लाडक्यानं बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. त्याला आधी राग आला, मग त्यालाही हसू फुटलं. फेसानं माखलेला एक कोंबडा उचलून तो घरात आला.

रात्री जेवताना तो नुसती भाकरी कुस्करत होता. गोदीजवळच्या त्या माणसाच्या अंगणात दोन टपं असायची, हे त्याला आठवत होतं. एकात साबण. दुसऱ्यात साधं पाणी, कापड विसळायचं, असं तो आजवर धरून चालला होता. पण एकदा तहान लागली म्हणून त्यानं त्या दुसऱ्या टपातलं पाणी ओंजळीनं तोंडात घेतलं होतं आणि जीभ अशी आखडली होती की तासभर नीट बोलता येईना. सगळे हसले होते.

"तुरटी," लाडक्या मोठ्यानं म्हणाला.

"भाकरीत?" चैती म्हणाली.

"टपात. त्या टपात तुरटी होती."

दुसऱ्या दिवशी तो जव्हारला जाऊन तुरटीचे खडे घेऊन आला. ह्या वेळी त्यानं आधी गोठ्याच्या मोडक्या कुडाचा तुकडा घेतला. त्याला साबणाचं पाणी लावलं, उन्हात वाळवलं, मग तुरटीचं पाणी लावलं, पुन्हा वाळवलं, आणि तसंच आणखी एकदा केलं. मग चैतीला हाक मारली.

चैतीनं लोटाभर पाणी त्या तुकड्यावर ओतलं. पाण्याचे गोल थेंब झाले. अळूच्या पानावर नाचतात तसे ते मातीवर नाचले आणि खाली पडले. तिनं बोट लावून पाहिलं. माती कोरडी. तिनं दुसरा लोटा आणला. मग तिसरा.

"हे कसं रे?" तिनं विचारलं. आवाजात थट्टा नव्हती.

लाडक्यानं डोकं खाजवलं. "मला कळलं तेवढं सांगतो. साबण म्हणजे तेलाचं आणि खाराचं पोर. खाराच्या नादानं ते पाण्यात मिसळतं. तुरटी त्या खाराला हाकलून लावते. मग पोर राहतं ते बापाच्या वळणाचं, तेलाच्या. ते मातीला घट्ट धरून बसतं, आणि पाणी आलं की जवळ येऊ देत नाय."

"म्हणजे तुझ्या वळणाचं," चैती म्हणाली. "घरात बसून राहणारं."

पण त्या दिवसापासून तीच त्याच्या पुढे काम करायला लागली. दोघांनी मावळतीची भिंत नव्यानं लिंपली, वाळू दिली, आणि त्यावर साबण आणि तुरटीचे हात फिरवले. चैतीचा हात सारवायला सरावलेला, सपासप चालायचा, लाडक्या मागून राहिलेल्या जागा दाखवायचा आणि ती म्हणायची, "दिसतंय मला."

पावसाळा आला तो नेहमीसारखाच आला, आषाढात तर सूर्य दिसेना. सावळ्याच्या भिंतीच्या बरगड्या दिसायला लागल्या. लाडक्याची भिंत उभी होती. झड यायची, आपटायची आणि निथळून जायची. चैती सकाळी उठली की आधी कणगीच्या मागं हात घालून बघायची. कोरडं. श्रावणात कोरडं, भाद्रपदातही कोरडं.

आता हसायचं कारण बदललं. लोक भिंत बघायला येत आणि तिच्यावर पाणी टाकून बघत. येणारा माणूस तोंडात पाणी घेऊनच यायचा, भिंतीवर चूळ टाकायचा आणि थेंब पळताना बघत उभा राहायचा. शेवटी चैती काठी घेऊन ओसरीवर बसायला लागली. सावळ्यानं सांगितलं, "लाडक्या, पुढच्या साली माझ्या घराला पण." लाडक्या म्हणाला, "मग मोह तू वेच, राख तू आण." असं एकेकानं येऊन सांगितलं, आणि उन्हाळ्यात मोहाच्या बिया वेचायला पाड्यातल्या सगळ्यांनाच एकदम उत्साह येणार हे तेव्हाच नक्की झालं.

ह्या यशानं बिघडली ती चैती. दिवाळी झाल्यावर तिनं ठरवलं की आतली भिंतही तशीच करायची. चुलीशेजारची, गेरूनं रंगवलेली. धुरानं ती सारखी काळी व्हायची आणि पुसावं तर माती हाताला यायची. मडक्याच्या तळाशी जो साबण उरला होता तो तिनं सगळा त्या भिंतीला लावला, वर तुरटी लावली. भिंत तांबडी, तुळतुळीत झाली. ओल्या फडक्यानं पुसली की काजळी निघायची आणि रंग तसाच राहायचा. चैती ते शेजारणींना करून दाखवायची.

तेवढ्यात सोम्याचं लग्न ठरलं. मुलगी वावर गावची, राही नावाची. जव्हारच्या दसऱ्याला दोघांनी एकमेकांना पाहिलं होतं, आणि नंतर सोम्याला वावरकडे काही ना काही काम निघायला लागलं होतं. राहीच्या बापानं होकार दिला. माघात, सोम्याच्या घरी, लग्न करायचं ठरलं.

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी तुळशीआजी आली. ती पंचक्रोशीतली धवलेरी. लग्न लावायचं आणि लग्नाची गाणी म्हणायची ती तिनंच. तिच्याबरोबर चौक लिहिणाऱ्या सवाशिणी होत्या. घरातल्या चुलीशेजारच्या भिंतीवर तांदळाच्या पांढऱ्या पिठानं चौक लिहायचा, त्याच्या मधोमध पालघट ही लग्नाची देवी लिहून बसवायची, आणि मग लग्न. चौक नाही तर देवी नाही, आणि देवी नाही तर लग्न नाही. भिंतही तीच लागते, दुसरी चालत नाही.

तुळशीआजीनं गाणं धरलं आणि सवाशिणींनी आधी रिवाजाप्रमाणे भिंतीवर ताजा गेरूचा हात फिरवला. गेरू भिंतीवर बसेना. तो गोळा झाला, ओघळला आणि खाली जमिनीवर तांबडं डबकं झालं. बाया एकमेकींकडे बघू लागल्या. एकीनं बांबूची काडी तांदळाच्या पाण्यात बुडवून सरळ रेघ ओढली. रेघेचे मोत्यांसारखे थेंब झाले आणि एकामागून एक भिंतीवरून खाली आले.

गाणं थांबलं.

"चैते," तुळशीआजी म्हणाली, "भिंतीला काय केलंस?"

"काय नाय केलं."

"मग ही आमच्या पिठावर थुंकते का?"

चैतीच्या तोंडचं पाणी पळालं. दारात उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्यानं हळूच म्हटलं, "देवीला यायचं नाय ह्या घरात." ते सगळ्यांना ऐकू गेलं.

लाडक्या गर्दीतून पुढं आला. त्यानं भिंतीवर बोट फिरवलं, एक थेंब बोटावर घेतला, आणि क्षणभर त्याच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. आतल्या भिंतीवरही लेप इतका चांगला बसला असेल असं त्याला वाटलं नव्हतं.

"हसू नको," चैती दातओठ खाऊन म्हणाली.

"नाय हसत. पण ह्यात देवीचं काय नाय, आजी. हे माझ्या साबणाचं काम आहे."

"मग तुझ्या साबणाला सांग बाजूला व्हायला," तुळशीआजी म्हणाली. "उद्या वऱ्हाड यायचंय."

त्यांनी पुष्कळ खटपट केली. चैतीनं विळ्यानं भिंत खाली एका जागी खरवडून पाहिली, पण साबण आत मुरला होता. लेप निघेपर्यंत कारवी दिसायला लागली. नवी माती थापली तर तिचा पापुद्रा धरेना, सगळा एकदम सुटून पडला. पिठात डिंक घातला. डिंकाचे थेंब जरा हळू ओघळले, एवढाच फरक पडला. सावळा म्हणाला भिंतच पाडू आणि नवी उभारू, पण नवी भिंत उद्यापर्यंत वाळणार कशी? पाड्यातली मोठी माणसं बाहेर आंब्याखाली जमून लग्न पुढं ढकलायचं बोलू लागली. अंगाला हळद लागलेला सोम्या एका कोपऱ्यात पाटावर बसून होता. त्याला उठायची परवानगी नव्हती, आणि तो पाळीपाळीनं प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत होता.

चैती मागच्या अंगणात जाऊन बसली. लाडक्या तिच्या मागं गेला. तिचे हात कोपरापर्यंत पिवळे होते. सोम्याला तेलातली हळद तिनंच लावली होती.

"मीच लावला रे तो लेप," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "तू नको म्हणालेलास."

"मी नको नव्हतो म्हणालो. साबण संपेल म्हणालो होतो."

चैतीला त्या तशातही हसू आलं. तिनं नाक पुसलं आणि हात धुवायला मडक्यातलं पाणी हातावर घेतलं. तेलकट हातावर पाण्याचे गोल थेंब झाले आणि बोटांवरून पळाले. शेजारी नहाणीच्या दगडावर रिठ्याचं पाणी ठेवलेलं होतं, सोम्याचं डोकं धुवायला केलेलं. तिनं सवयीनं तेच ओंजळीत घेतलं. रिठ्याचं पाणी हातावर सरळ पसरलं, बोटांच्या बेचक्यांत शिरलं.

तिनं हात धुतले नाहीत. तो ओला हात ती तसाच डोळ्यांपुढे धरून बसली.

"बघ इकडं," ती म्हणाली. तिनं दुसऱ्या हातावर साधं पाणी टाकलं. थेंब पळाले. मग रिठ्याचं टाकलं. ते पसरलं. "ह्या हाताचं आणि त्या भिंतीचं दुखणं एकच आहे."

लाडक्या तिच्याजवळ उकिडवा बसला. त्याला ते पटलं, आणि पटताक्षणी भीती वाटली. "रिठ्यानं तेल निघतं, चैते. माझा लेप धुऊन गेला तर?"

"एका रेघेनं? आणि गेला तर गेला. सून यायचीय उद्या."

ती रिठ्याचं मडकं उचलून आत गेली. तुळशीआजीला तिनं एका दमात सगळं सांगितलं. सवाशिणींतली एक म्हणाली, "डोकं धुवायचं पाणी देवीच्या चौकाला?"

तुळशीआजीनं रिठ्याच्या पाण्यात बोट बुडवून पाहिलं. तिच्या शब्दाबाहेर कुणी जाणार नव्हतं, म्हणून सगळ्या तिच्याकडे बघत होत्या. "ज्या रिठ्यानं नवऱ्यामुलाचं डोकं धुवायचं तो देवीला का चालू नये?" ती म्हणाली. "देवी पण बाईच आहे. तिला पण केस आहेत. आण इकडं."

तांदळाचं पीठ रिठ्याच्या पाण्यात कालवलं. घाईनं कालवल्यामुळं वाडगा फेसानं वर आला. पहिली रेघ ओढली ती भिंतीवर टिकली. बायांनी श्वास सोडला. पण रेघेत फेसाचे फुगे होते. ते फुटले तशी रेघ ठिपक्याठिपक्यांनी भरली.

"देवीला घामोळं आलं," तुळशीआजी म्हणाली, आणि सगळ्यांत आधी तीच हसली. दारातला तो म्हाताराही हसला.

फेसाची गोष्ट लाडक्याच्या हातातली होती. कढईवरचा फेस बसवण्यात त्यानं मुंबईत दिवस घालवले होते. "घुसळू नका," तो म्हणाला. "रिठ्याचं पाणी आधी गाळून घ्या. पीठ वरून भुरभुरा, बोटानं फिरवा, आणि थोडा वेळ कुणी हात लावू नका." तो वाडग्याजवळ मांडी घालून बसला आणि काडीनं वरचा फेस एका कडेला ओढत राहिला. बाया कडेनं उभ्या राहिल्या. फेस खाली बसला. वाडग्यात शांत, दुधासारखं पांढरं पाणी राहिलं.

आता काडी चालली. तांबड्या तुळतुळीत भिंतीवर रेघ उमटली ती दोऱ्यासारखी बारीक आणि सरळ. खडबडीत मातीवर काडी अडखळते, इथं ती अडखळत नव्हती. तुळशीआजीनं गाणं जिथं सोडलं होतं तिथून धरलं. चौकोन उभा राहिला, त्याच्या कडांना नक्षी आली, मध्ये देवी आली, तिच्या बाजूला सूर्य, चंद्र, फणी, झाडं, झाडावर माकडं आणि तारपा वाजवणाऱ्याभोवती नाचणारी माणसं. हातांना एवढी सोपी भिंत कधी मिळाली नव्हती, त्यामुळं सवाशिणींना थांबवेना. एकीनं फेसात अडकलेला कोंबडा काढला. चैतीनं तो ओळखला पण काही बोलली नाही.

ऊन कलायच्या आत चौक वाळला. लाडक्यानं हळूच एका कोपऱ्यात, जिथं काही लिहिलेलं नव्हतं, तिथं पाण्याचा थेंब टाकून पाहिला. थेंब पळाला. लेपही राहिला होता. आंब्याखालच्या माणसांना सांगायला सावळा धावत गेला, आणि थोड्या वेळानं तिकडून तारप्याचा आवाज आला.

दुसऱ्या दिवशी वावरचं वऱ्हाड आलं. राही उंच, काळीसावळी, मोठ्या डोळ्यांची मुलगी होती. चौकासमोर तिला उभं केलं तेव्हा तिनं खाली बघायला हवं होतं, पण ती भिंतीकडेच बघत राहिली. तुळशीआजीनं लग्न लावलं. रात्री मोहाची दारू आणि नाच झाला. राहीच्या बापाला कुणीतरी भिंतीची सगळी हकीकत सांगितली, तेव्हा त्यानं तोंडात पाणी घेतलं, आणि चैती काठी शोधायला लागली.

एरवी लग्न झालं की चौक पुसट होत जातो. पुढच्या सणाला बायका त्यावरून सारवण फिरवतात आणि भिंत पुन्हा कोरी होते. ह्या भिंतीवर सारवण बसतच नव्हतं, आणि देवीवर ओलं फडकं फिरवायला कुणी धजेना, त्यामुळं चौक राहिला. पहिल्या वर्षी चैतीला ते चमत्कारिक वाटलं. मग तिला त्याची सवय झाली. राही सकाळी चूल पेटवताना भिंतीकडे बघायची आणि कुठली आकृती कुणी काढली ते सासूला विचारायची. आपल्या लग्नाची माणसं घरात सतत नाचत असलेली तिला आवडायची.

लग्नानंतरच्या उन्हाळ्यात पाड्यातल्या सगळ्यांनी मोहाच्या बिया आणल्या, राख आणली, आणि लाडक्यानं अंगणात मोठं मडकं चढवलं. राहीनं वल्हं हातात घेतलं ते सासऱ्याला परत दिलंच नाही. तिचा हात एकसारखा चालायचा आणि तिला साबण नासायच्या आधीच वासावरून कळायचं. पुढं मोखाड्याच्या बाजारात तो द्रोणांतून जायला लागला. लोक त्याला भिंतीचा साबण म्हणत. त्यानं अंग कुणीही, कधीही धुतलं नाही, आणि लाडक्यानंही तो आग्रह सोडून दिला.

त्याच साली पाऊस जवळ आला तेव्हा राहीच्या बापाचा निरोप आला की आमच्या घराची मावळतीची भिंत राहिलीय. मग एका सकाळी चौघं वावरला निघाले. लाडक्या आणि सोम्यानं कावडीला साबणाची मडकी बांधली, तुरटीचं गाठोडं राहीनं घेतलं, आणि चैती पुढं चालत मागं वळूनवळून सांगत राहिली की फक्त बाहेरची बाजू करायची, चुलीकडच्या भिंतीला कुणी हात लावायचा नाय, राहीच्या धाकट्या बहिणीचं लग्न व्हायचंय. वावरात पोचले तेव्हा राहीच्या आईनं नागलीच्या भाकऱ्या आणि माशांचं कालवण करून ठेवलं होतं. सगळे हातपाय धुऊन जेवायला बसले, आणि जेवण झाल्यावर चैतीनं पदर खोचला आणि ती मावळतीच्या भिंतीकडे गेली.